बास ट्रॉम्बोनचा स्टँड एवढ्याशा धक्क्याने का पडतो? उत्तर आपल्या देवघरातल्या समईत आहे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका हौशी बँडची तालीम शूट करायला गेले होते. मध्ये ब्रेक झाला, सगळे चहाला बाहेर पडले. मी कॅमेरा लावायला दोन पावलं मागे सरकले आणि पाठीवरची सॅक कशाला तरी टेकली. जोरात आपटली वगैरे नाही, नुसती टेकली.

पुढच्या क्षणाला धाडकन आवाज आला. मागे वळून बघते तर बास ट्रॉम्बोन फरशीवर आडवा.

वाजवणारे दादा धावत आले. वाद्य उचललं आणि स्लाइड पुढे-मागे करून बघितली. अर्ध्यावर येऊन ती अडकत होती. वाद्य त्यांचं स्वतःचं नव्हतं, त्यांच्या सरांकडून वापरायला आणलेलं होतं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "जाऊ दे ताई, स्टँडच हलका होता." दुरुस्तीला तीन आठवडे गेले आणि पुढच्याच आठवड्यातला कार्यक्रम त्यांच्या हातून गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. दादा मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले, की खरंच स्टँडची चूक होती?

आधी हे वाद्य समजून घेऊ

लग्नाच्या वरातीत किंवा पोलीस बँडमध्ये लांब नळी पुढे-मागे सरकवत वाजवायचं पितळी वाद्य तुम्ही पाहिलं असेल. तोच ट्रॉम्बोन. सरकणाऱ्या नळीला स्लाइड म्हणतात आणि पुढच्या पसरट तोंडाला भोंगा.

बास ट्रॉम्बोन हा त्याचा धिप्पाड भाऊ. नळीची मूळ लांबी दोघांची सारखीच, साधारण 9 फूट. पण बासची नळी जास्त रुंद असते, भोंगा साडेनऊ इंच किंवा त्याहून मोठा असतो आणि मागच्या बाजूला बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह म्हणजे नळीची लांबी वाढवणाऱ्या कळा. हे सगळं धरून वजन अडीच किलोच्या आसपास जातं.

अडीच किलो म्हणजे फार नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. खरा प्रश्न ते वजन कुठे बसतं हा आहे.

मग ते हातातच का नाही धरायचं?

कारण ट्रॉम्बोनवाल्यांच्या नशिबात वाट बघणं फार असतं. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी 1808 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्यात ट्रॉम्बोन थेट शेवटच्या भागात येतात. ब्राम्सच्या 1876 मधल्या पहिल्या सिम्फनीतही तेच. पहिले तीन भाग हे वादक गप्प बसून असतात.

मुंबईत एनसीपीएमध्ये 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे असो की गल्लीतल्या बँडच्या तालमीत, वाद्य कुठेतरी टेकवावंच लागतं. आणि खाली आडवं ठेवलं तर कोणाचा तरी पाय पडणार हे ठरलेलं.

स्टँडवर नेमकं काय होतं?

स्टँडचा खांब मध्ये उभा असतो आणि वर एक बोंड असतं. त्यावर भोंगा पालथा घालायचा. स्लाइड खांबाच्या शेजारून खाली लोंबते. जड व्हॉल्व्ह आणि मागचं वळण मात्र सगळ्यात वर जातं.

म्हणजे वाद्याचं वजन जमिनीपासून बरंच वर. त्यात स्लाइड एका बाजूला, त्यामुळे वजन खांबाच्या बरोबर मध्ये नाही, काही सेंटीमीटर बाजूला. आणि खाली तीन सडपातळ पाय.

आता समई आठवा. उंच असते, वर तेल असतं, तरी सहसा कलंडत नाही. कारण तिचं बूड पसरट आणि जड असतं. स्थिर राहायला याच दोन गोष्टी लागतात. आपल्या स्टँडमध्ये नेमक्या याच दोन कमी पडतात.

तीन पायांचं गणित

स्टँडचा एकेक पाय मध्यापासून 30 सेंमी लांब आहे असं समजा. आपल्याला वाटतं, सगळीकडून 30 सेंमीचा आधार आहे. पण स्टँड पायाच्या दिशेने पडत नाही, दोन पायांच्या मधल्या बाजूने पडतो. दोन पायांची टोकं जोडणारी रेघ मध्यापासून किती दूर आहे? फक्त 15 सेंमी. म्हणजे निम्मी.

तेवढ्याच लांबीचे चार पाय असतील तर हे अंतर 21 सेंमी होतं, पाच असतील तर 24.

आता धक्क्याचं बघू. वाद्य अडीच किलो, स्टँड एक किलो, एकूण साडेतीन. जमिनीपासून 1 मीटर उंचीवर धक्का बसला तर स्टँडचा पाय उचलायला किती जोर पुरेल? साडेतीन गुणिले 15 भागिले 100. उत्तर येतं साधारण अर्धा किलो. अर्धा लिटरची पाण्याची बाटली उचलायला लागतो तेवढा जोर. लॅपटॉप भरलेल्या सॅकला तो सहज जमतो.

पाय उचलला गेला म्हणजे लगेच पडलाच असं नाही. वजनाचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, त्या रेघेच्या बाहेर गेला की पडतो. वाद्याचा गुरुत्वमध्य 80 सेंमीवर आणि स्टँडचा 20 सेंमीवर धरला, तर दोघांचा मिळून येतो 63 सेंमीवर. तिथून हिशोब केला तर स्टँड 13 अंश कलला की खेळ खल्लास.

फुकटातले उपाय

पाय फिरवा. तीनपैकी एक पाय बरोबर स्लाइडच्या खाली येऊ द्या. वजन ज्या बाजूला झुकलंय, तिकडेच आधार.

पाय पूर्ण उघडा. जागा वाचवायला अर्धवट उघडलेला स्टँड दिसतो तसाच, पण आधार झपाट्याने कमी होतो.

उंची कमी ठेवा. स्लाइडचं टोक जमिनीपासून चार-पाच सेंमी वर राहील इतकीच. स्क्रू घट्ट आवळा, खांब डुगडुगला तर बाकीचं सगळं व्यर्थ.

स्लाइड लॉक करा. हे विसरलात तर स्टँड न पडताही बाहेरची नळी सुटून खाली आदळेल.

खाली वजन टांगा. फोटोग्राफर ट्रायपॉडला वाळूची पिशवी बांधतात तसंच. 3 किलो वजन जमिनीलगत आलं की एकत्रित गुरुत्वमध्य 63 वरून 36 सेंमीवर येतो आणि 13 अंशांचे 22 होतात. पिशवी पायांवर टेकवून घट्ट बांधा, लोंबकळत ठेवू नका. ती झुलली तर तीच धक्का देईल.

आणि घरी बनवायचा असेल तर?

नेहमी एकाच हॉलमध्ये वाजवत असाल तर हा पर्याय भारी आहे. 18 मिमी प्लायवूडचा 45 बाय 45 सेंमी चौकोन घ्या. तोच दोन किलोच्या पुढे भरतो. मध्ये लोखंडी फ्लँज स्क्रूने बसवा आणि त्यात जीआय पाइप उभा करा. हे दोन्ही प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. खांबाशेजारी व्यायामाची अडीच किलोची प्लेट पक्की बसवा, तीही स्लाइडच्या बाजूला नको, नाहीतर स्लाइड तिच्यावर टेकेल.

वाद्यासकट एकूण वजन 8 किलोच्या घरात आणि जवळची कड साडेबावीस सेंमीवर. आता त्याच उंचीवर कड उचलायला 1.8 किलोचा जोर लागतो. आधीच्या तिपटीहून जास्त.

वरच्या बोंडाकडे खास लक्ष द्या. साध्या ट्रॉम्बोनचं बोंड बासच्या रुंद भोंग्यात सैल बसतं आणि वाद्य डुलत राहतं. हंड्याखाली चुंबळ लागते तसंच हे. बोंडावर जाड फेल्ट गुंडाळून भोंगा नीट बसेल इतकं करा. रबर मात्र नको. रबरात गंधक असतं आणि चांदीचा मुलामा असलेलं वाद्य त्याने काळं पडतं.

एक अडचण आहे. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, चार कोपरे ओबडधोबड स्टेजवर डुगडुगतात. म्हणून कोपऱ्यांना वर-खाली फिरवता येणारे स्क्रूचे पाय लावा. आणि हो, हा स्टँड रिक्षातून न्यायला अवघड आहे. रोज नव्या ठिकाणी वाजवणाऱ्यांनी लांब पायांचा घडीचा स्टँड आणि सोबत एक रिकामी पिशवी ठेवावी. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या तिथेच मिळतात.

चाचणी कशी घ्यायची?

1 मीटरची फळी घ्या, तिच्यावर स्टँड ठेवा. फळीचं एक टोक साडेसतरा सेंमी उचललं की 10 अंशांचा उतार होतो. स्टँड चारी बाजूंनी फिरवून बघा. आधी वाद्याऐवजी तेवढंच वजन वरच्या टोकाला बांधून करा. खरं वाद्य ठेवाल तेव्हा दोन हात बाजूला तयार असू द्या.

एवढी काळजी कशाला? कारण स्लाइडची आतली आणि बाहेरची नळी यांच्यात अगदी नावाला फट असते. बाहेरची नळी पातळ असते. नखाएवढा पोचा आला तरी ती घासते. भोंग्याचा पोचा दिसायला वाईट, पण वाजवता येतं. स्लाइड अडकली की सूरच लागत नाही. आणि ती सरळ करणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो.

तर, चूक कोणाची होती? सॅक माझीच होती, ते काही बदलत नाही. पण अर्ध्या किलोच्या धक्क्याने पडणारा स्टँड उद्या पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या पडद्यानेही पडला असता.

मागच्या महिन्यात त्याच तालमीला परत गेले होते. दादांच्या खुर्चीशेजारी प्लायवूडचा चौकोन होता, त्यावर लोखंडी पाइप आणि खाली जिमची प्लेट. मी सॅक दाराबाहेरच काढून ठेवली. दादा हसले आणि म्हणाले, "आणा की ताई आत, आता काही होत नाही."

तरी मी ती बाहेरच ठेवली.