धानाच्या कीड नोंदवहीत रंगांचा इशारा

धान पिकात दर आठवड्याला कीड मोजून नोंद ठेवणारे शेतकरी बंधू आता बरेच आहेत. परंतु आकड्यांनी भरलेल्या तक्त्यात धोक्याचा आकडा चटकन नजरेत येत नाही. परिणामी फवारणी एक तर उशिरा होते किंवा गरज नसताना होते. हाच तक्ता संगणकावर ठेवून त्याला अट घालून दिल्यास मर्यादा ओलांडणारा रकाना आपोआप लाल होतो. या सोयीला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. एक्सेलमध्ये ती १९९७ च्या आवृत्तीपासून आहे.

२००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. शेतातील निरीक्षणे संगणकावर नोंदवून, कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली की सल्ला द्यावयाचा, हे त्याचे सूत्र होय. मुर्रीसारख्या गावातील धान उत्पादकालाही ते घरी वापरता येते.

अट कोणती घालावी?
फुटव्यांच्या अवस्थेत सर्वसाधारणपणे पुढील पातळ्या धराव्यात :
• खोडकिडा : ५ टक्के गाभेमर
• गादमाशी : ५ टक्के चंदेरी पोंगे
• तुडतुडे : प्रति चूड १०
• पाने गुंडाळणारी अळी : प्रति चूड २ नुकसानग्रस्त पाने

तक्ता कसा करावा?
प्रत्येक बांधीसाठी स्वतंत्र ओळ व प्रत्येक किडीसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. बांधीतील २० चुडे पाहून आकडा काढावा. समजा, २० चुडांत २४० फुटवे असून १४ फुटव्यांत गाभेमर आहे. १४ भागिले २४० गुणिले १०० म्हणजे ५.८ टक्के. खोडकिड्याचा रकाना निवडून '५ किंवा अधिक असल्यास लाल' ही अट द्यावी. त्याखाली '२.५ किंवा अधिक असल्यास पिवळा' ही दुसरी अट द्यावी. लाल रंगाची अट वर असणे आवश्यक आहे. क्रम उलटला तर ५.८ चा रकानाही पिवळाच दिसेल.

घ्यावयाची काळजी
१) रकान्यात फक्त अंक लिहावा. सोबत 'टक्के' असा शब्द लिहिल्यास तुलना चुकते.
२) हिरव्या रंगाची अट देऊ नये. रिकामा रकाना काही वेळा शून्य धरला जातो व न पाहिलेली बांधी सुरक्षित भासते.
३) सर्व बांध्यांची सरासरी काढून तिलाच रंग देऊ नये. तुडतुड्यांचे नुकसान प्रथम ठिकठिकाणी चट्ट्यांच्या रूपात दिसते. ते सरासरीत लपून जाते.
४) पीक लोंबीवर आल्यावर अट बदलावी. खोडकिड्यामुळे निघणाऱ्या पांढऱ्या, पोचट लोंब्यांसाठी २ टक्के ही पातळी धरावी.

लाल रंग म्हणजे फवारणीचा हुकूम नव्हे. रकाना लाल होताच त्या बांधीत पुन्हा जावे, कोळी व इतर मित्रकीटक किती आहेत ते पाहावे आणि मगच कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी सहाय्यकाच्या सल्ल्याने औषध निवडावे. जी बांधी लाल असेल तेवढीच फवारावी. औषधाचा व मजुरीचा खर्च वाचतो आणि मित्रकीटकही टिकतात.