किंकाळ्यांत हरवलेले गाणे

न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर १५ ऑगस्ट १९६५ रोजी 'बीटल्स' या ब्रिटिश गायक-वादक चमूचा कार्यक्रम झाला, तेव्हा तेथे सुमारे ५५ हजार ६०० श्रोते उपस्थित होते. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांना गाणी धडपणे ऐकू आली. चाहत्यांच्या किंकाळ्यांपुढे खुद्द कलावंतांनाही आपला आवाज ऐकू येईनासा झाला होता!

लिव्हरपूलच्या या चार तरुणांविषयीच्या वेडाला ब्रिटिश वृत्तपत्रांनी १९६३च्या अखेरीस 'बीटलमेनिया' असे नाव दिले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना सुमारे सात कोटी ३० लाख अमेरिकनांनी पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा वयात येत होती. तिच्या हाती खर्चायला पैसे होते, ट्रान्झिस्टर होता. चाहत्यांत किशोरवयीन मुलींचा भरणा मोठा. वडीलधाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. मात्र मुलींनी मर्यादेतच वागावे, अशी अपेक्षा असणाऱ्या त्या काळात गर्दीत मनसोक्त ओरडणे हीदेखील एक मोकळीकच होती, असे काही अभ्यासक मानतात.

या उत्साहाला पुरे पडेल असे तंत्र मात्र त्या वेळी नव्हते. गायकांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ध्वनिक्षेपक ठेवण्याची आजची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. शे स्टेडियमवर तर गाण्यासाठी मैदानातील उद्घोषणांच्या कर्ण्यांचाही आधार घ्यावा लागला. ड्रमवादक रिंगो स्टार सहकाऱ्यांच्या शरीराच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले, याचा अंदाज घेत असे.

परिणामी वादनाचा दर्जा ढासळू लागला. त्यात दौऱ्यांचा शीण, सुरक्षेची चिंता आणि जॉन लेनन यांच्या ख्रिस्ती धर्मविषयक विधानावरून अमेरिकेत उठलेले वादळ यांची भर पडली. अखेर २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅन्डलस्टिक पार्कवर त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला.

त्यानंतर हे चौघे ध्वनिमुद्रण कक्षात रमले. 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा १९६७चा गाजलेला गीतसंग्रह त्या निवांतपणातून साकारला. चाहत्यांच्या प्रेमाने 'बीटल्स'ना शिखरावर नेले. त्याच प्रेमाच्या गोंगाटाने त्यांना रंगमंचावरून उतरवले. अधिक सकस संगीत जगाला लाभले खरे, पण ते या चौघांकडून समोर बसून ऐकण्याची संधी चाहत्यांनी गमावली.