नादाची किंमत

मराठी भाषेने ‘नाद’ या एकाच शब्दात दोन अर्थ साठवून ठेवले आहेत. देवळातील घंटेचा उमटतो तो नाद. आणि मुलगा हाताबाहेर गेला असे सांगताना वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालून ज्याचा उच्चार करतात, तोही नादच. संगीताच्या वाटेवर हे दोन अर्थ एकमेकांत केव्हा मिसळतात, ते चालणाऱ्यालाही उमगत नाही. बालगंधर्वांच्या गाण्यासाठी पदरमोड करून गावोगाव हिंडणाऱ्या रसिकांना त्यांच्या घरच्यांनी नादिष्टच म्हटले असेल. पुढे काळाने त्यांना रसिकाग्रणी ठरविले, ही गोष्ट वेगळी.

हे औदार्य आपण परक्या संगीताच्या वेडाला मात्र सहसा दाखवीत नाही. रॉक संगीत म्हणजे १९७० च्या दशकातील हणजूणचा किनारा, तेथील हिप्पींच्या जटा आणि गांजाचा धूर, हे समीकरण गोव्यातील पुष्कळ मराठी घरांत पक्के बसले आणि अद्यापि ते पुरते सुटलेले नाही. या समीकरणात तथ्य मुळीच नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एखाद्या रॉक वाद्यवृंदावरील निस्सीम निष्ठा माणसांना कोणत्या उंचीवर नेऊन ठेवू शकते, याचा एक दाखला युरोपच्या अलीकडच्या इतिहासात नोंदला गेला आहे. प्राग शहरातील ज्या खटल्यामुळे तो जगापुढे आला, त्याला आता सुमारे अर्धशतक होत आले. त्या दाखल्याची आठवण आजही उपयोगी पडावी अशी आहे.

कथेचा उगम न्यूयॉर्कमध्ये आहे. लू रीड आणि जॉन केल या दोघांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास तेथे ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. चित्रकार अँडी वॉरहॉल याचा त्याला आश्रय होता. १९६७ साली निघालेल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावरील केळ्याचे चित्र वॉरहॉलचेच. पण तबकडी फारशी खपली नाही, आणि १९७० साली खुद्द रीडच वाद्यवृंद सोडून गेला. व्यापाराच्या वहीत हा हिशेब तोट्याचा. मात्र ज्या थोड्यांनी ती तबकडी घेतली त्यांतील जो तो स्वतःच गाणे-वाजविणे करू लागला, अशा अर्थाचे ब्रायन ईनो या संगीतकाराचे एक वचन पुढे प्रसिद्ध झाले. त्यात विनोदाची अतिशयोक्ती असेल. परंतु प्रागमध्ये जे घडले त्याला ते अक्षरशः लागू पडते.

१९६८ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेक यांच्या राजवटीने मोकळेपणाचा प्रयोग आरंभिला होता. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रशियाच्या नेतृत्वाखालील सैन्ये सीमा ओलांडून आत शिरली आणि तो प्रयोग रणगाड्यांखाली चिरडला गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लाव्सा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांना जमवून एक वाद्यवृंद काढला. त्याचे नाव ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. ते सुचले अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पा याच्या एका गीतावरून, आणि भक्ती जडली ती व्हेल्व्हेट अंडरग्राउंडवर. इंग्रजी शब्दांचा अर्थ पुरता न कळताही ही मुले ती गाणी आळवीत असत. पुढे पॉल विल्सन हा प्रागमध्ये इंग्रजी शिकविणारा कॅनेडियन तरुण त्यांच्यात येऊन मिळाला आणि गाऊही लागला. इव्हान यिरोउस हा कलेचा अभ्यासक या मंडळींचा मार्गदर्शक झाला.

त्या राजवटीत सरकारी परवान्यावाचून कोणासही धंदेवाईक वादक होता येत नसे. १९७० साली या मुलांचा परवाना गेला. त्याबरोबर सरकारी मालकीची वाद्ये गेली आणि तालमीची जागाही गेली. त्यांनी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून ध्वनिवर्धक तयार केले. यिरोउसने तर एक नामी युक्ती काढली. कलावंत संघाचा सभासद या नात्याने तो वॉरहॉलवर व्याख्यान जाहीर करी, पडद्यावर चित्रे दाखवी, आणि मग विषयाचे ‘प्रात्यक्षिक’ म्हणून वाद्यवृंद व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी वाजवी! ज्याला आपण नाद म्हणतो, तो असा कल्पक असतो.

येथवरची हकीकत भक्तीची झाली. पण ती एवढ्यावरच थांबली असती, तर हे तरुण परदेशी संगीताचे प्रामाणिक अनुकरण करणारे म्हणून विसरले गेले असते. सत्तरीच्या आरंभी ते आपल्या आराध्याच्या गाण्यांपासून दूर होऊ लागले आणि स्वतःच्या चेक भाषेत गाऊ लागले. ज्याचे लिखाण छापले जात नव्हते अशा एगॉन बॉन्डी या कवीच्या कवितांना त्यांनी चाली दिल्या. व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक त्यांना मिळाला, आणि जे संगीत उमटले ते न्यूयॉर्कचे राहिले नाही. कर्कश, खिन्न, विनोदाची तिरकस झाक असलेले ते संगीत प्रागचेच होते. आमच्या मते, खऱ्या निष्ठेची कसोटी हीच. जिच्यापासून स्फूर्ती घेतली तिची नक्कल करण्यात निष्ठा संपत नाही. तिने जे धैर्य दाखविले ते आपल्या भाषेत, आपल्या मातीवर दाखविण्यात ती पुरी होते.

त्यांचे कार्यक्रम खेड्यापाड्यांत, लग्नसमारंभाच्या निमित्ताने, तोंडोतोंडी निरोप पोहोचवून होत. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोवित्से या गावाजवळ जमलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी झोडपून परत पाठविले आणि कित्येकांचे शिक्षण त्यापायी तुटले. मार्च १९७६ मध्ये वादक आणि त्यांचे मित्र यांची धरपकड झाली. सप्टेंबरात खटला उभा राहिला. आरोप होता हुल्लडबाजीचा, आणि पुरावा होता गीतांतील असभ्य शब्दांचा. यिरोउसला १८ महिने, पावेल झायीचेक या दुसऱ्या वाद्यवृंदाच्या गीतकाराला १२ महिने, तर ब्राबेनेत्स आणि धर्मोपदेशक-गायक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी ८ महिने शिक्षा ठोठावण्यात आली.

या मुलांची बाजू घ्यायला उठले कोण? ७४ वर्षांचे कवी यारोस्लाव सायफर्ट, ज्यांना पुढे १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ६९ वर्षांचे तत्त्वज्ञ यान पातोच्का. आणि नाटककार व्हाक्लाव हावेल. ऑगस्ट १९७६ मध्ये यांनी आणि आणखी काही लेखकांनी जर्मन साहित्यिक हाइनरिख ब्योल यांना अनावृत पत्र लिहून या अटकेकडे जगाचे लक्ष वेधले. सायफर्ट-पातोच्कांच्या पिढीचा रॉक संगीताशी संबंध तो काय असणार! हावेल यांची गोष्ट थोडी निराळी. १९६८ साली न्यूयॉर्कहून परतताना व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची तबकडी त्यांनी सोबत आणली होती. अटकेच्या थोडे आधी यिरोउसने त्यांना आपल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिफिती ऐकविल्या, आणि त्या खडबडीत आवाजातील सच्चेपणाने ते हेलावले. खटल्याच्या वेळी ते न्यायालयात हजर राहिले. राजकारण करणाऱ्यांना राज्यकर्ते तुरुंगात धाडतात, हे जगाला ठाऊक होते. पण ज्यांना केवळ आपल्या मनासारखे जगावयाचे आणि गावयाचे आहे त्यांनाही ते धाडू लागले, तर उद्या कोणीच सुरक्षित नाही, हे त्यांनी ओळखले.

या जाणिवेतून जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन प्रसिद्ध झाले. पहिल्या खेपेस २४० हून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. पातोच्का, हावेल आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक हे तिचे प्रवक्ते. पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर आजारी पडलेले पातोच्का १३ मार्च १९७७ रोजी मरण पावले. हावेल यांनी पुढे कित्येक वर्षे तुरुंगात काढली. नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि २९ डिसेंबर रोजी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. त्या क्रांतीला ‘मखमली’ हे नाव व्हेल्व्हेट अंडरग्राउंडवरून पडले, असे गमतीने सांगितले जाते. ते खरे मानण्याचे कारण नाही. रक्तपाताविना घडली म्हणून ती मखमली.

परवानगीवाचून तोंड उघडता येत नाही ही स्थिती काय असते, हे गोमंतकीयांना परक्या इतिहासातून शिकावे लागत नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक झाली, ती सभेत बोलण्याच्या साध्या नागरी हक्कासाठी. आणि प्रागमध्ये हा खटला चालला त्या वेळी आपल्या देशावरही आणीबाणीची छाया होती. म्हणूनच त्या अनोळखी वादकांची कथा आपल्याला परकी वाटू नये.

या मंडळींना संतपदी बसविण्याचे मात्र कारण नाही. त्यांच्यात मद्यपान होते, भांडणे होती; १९८८ साली मतभेदांनी वाद्यवृंद फुटलाही. ‘सनदे’वर सही करणाऱ्या सर्वांनाच त्यांचे संगीत रुचत होते असेही नव्हे. पण रुचले नाही तरी त्याच्या बाजूने उभे राहावे, यातच त्या वडीलधाऱ्यांचे मोठेपण होते. १९९० साली लू रीड प्रागला आला, तेव्हा हावेल यांनी त्याला त्याच्याच गीतांच्या चेक अनुवादाची एक छोटी पुस्तिका भेट दिली. ज्याच्या तबकड्या मायदेशी खपल्या नव्हत्या, त्याचे शब्द परक्या भाषेत जिवावर उदार होऊन जपले गेले होते. १९९७ साली ‘सनदे’च्या विसाव्या वर्षी ‘प्लास्टिक पीपल’ पुन्हा एकत्र आले आणि प्रागच्या किल्ल्यात, राष्ट्राध्यक्षांच्या वास्तूत वाजविते झाले.

आजच्या तरुणांना गाणे मिळविण्यासाठी काहीच गमवावे लागत नाही. आवडत्या बँडचे नाव छापलेला सदरा विकत घेतला की निष्ठा सिद्ध झाली, असेही पुष्कळांना वाटते. त्या निष्ठेची थट्टा आम्ही करीत नाही. पुढे काय होईल ते आरंभी कोणालाच दिसत नाही. ह्लाव्सानेही सुरुवात दुसऱ्यांची गाणी वाजवूनच केली होती. एवढेच सांगावेसे वाटते की, ऐकता ऐकता एखाद्या दिवशी हाती वाद्य किंवा लेखणी घ्यावी, आणि जे म्हणावयाचे ते आपल्या बोलीत म्हणून पाहावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, बंद दाराआडून येणारा तो गलका असह्य झाला तरी, दार ठोठावण्यापूर्वी क्षणभर थांबून सायफर्ट आणि पातोच्का यांचे स्मरण करावे.