पुस्तिकेची वेगळी चूल नको

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल: सोर्स कोडमधून माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, तयार करणारी मुक्त सॉफ्टवेअर साधने. पण मी राहतो बंगळुरूत. इथे आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुले-मुली सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांना विचारा. नोकरीला लागल्यावर बहुतेकदा हाती येतो दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम, आणि लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

फौजेत ही अडचण जुनीच. यंत्रात बदल झाला की पुस्तिकेसाठी दुरुस्तीपत्रक येते. ते चिकटवायचे राहिले तर जवान जुने पान वाचून काम करतो. एक वेळ पुस्तिका नसलेली परवडते. चुकीची पुस्तिका अधिक धोक्याची, कारण तिच्यावर माणूस विश्वास टाकतो.

आता प्रोग्रामकडे या. समजा, पाण्याचा पंप चालवणारे एक फंक्शन आहे. पुस्तिका सांगते, वेळ मिनिटांत द्या. पुढे कुणीतरी बदल केला आणि फंक्शन तोच आकडा सेकंद समजू लागले. पुस्तिका दुसऱ्याच फोल्डरमध्ये, ती कुणी उघडलीच नाही. नवा माणूस ३० लिहितो आणि पंप अर्ध्या मिनिटात बंद पडतो.

यावरचा उपाय सोपा आहे. पुस्तिकेची वेगळी चूल मांडायचीच नाही. माहिती कोडमध्येच, फंक्शनच्या डोक्यावर टिप्पणी म्हणून लिहायची. बऱ्याच भाषांत अशी टिप्पणी /** या खुणेने सुरू होते. प्रोग्राम चालताना संगणक ती सोडून देतो, पण पुस्तिका बनवणारे साधन नेमकी तीच उचलते.

असे साधन तीन कामे करते. आधी कोड वाचून फंक्शन कुठले, त्याला काय द्यायचे, ते काय परत देते, याचा आराखडा बनवते. मग प्रत्येक टिप्पणी तिच्या फंक्शनशी जोडते आणि एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचे दुवे लावते. शेवटी त्यातून वेबपाने किंवा छापील पुस्तिका काढते. कोड बदलला की पुन्हा चालवायचे, ताजी पुस्तिका तयार.

डिमित्री व्हान हेश यांचे डॉक्सिजन १९९७ पासून हे काम करत आहे. पायथॉन भाषेच्या अधिकृत पुस्तिकेसाठी गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स लिहिले, ते २००८ मध्ये आले. लिनक्स कर्नलची पुस्तिकाही २०१६ पासून स्फिंक्सवर आहे. दोघांत एक फरक लक्षात ठेवा. डॉक्सिजन कोड नुसता वाचते. स्फिंक्सची ऑटोडॉक ही सोय मात्र पायथॉनचा कोड खरोखर आत घेते, त्यामुळे त्यातला काही भाग प्रत्यक्ष चालतो. अनोळखी कोडवर ती वापरताना जपून.

आता कळीचा प्रश्न. आपल्या पंपाची चूक या साधनांनी पकडली असती का? फंक्शनमधले नाव बदलले आणि टिप्पणीत जुनेच राहिले, तर डॉक्सिजनसारखे साधन इशारा देते. पण मिनिटांचे सेकंद झाले, हे त्याला कळत नाही. साधन नावे जुळवते. अर्थ खरा आहे की नाही, हे माणसानेच पाहायचे.

त्यातही एक युक्ती आहे. टिप्पणीत उदाहरण लिहा: ३० दिले तर पंप १८०० सेकंद चालेल. पायथॉनमधले डॉकटेस्ट आणि रस्ट भाषेतले रस्टडॉक अशी उदाहरणे खरोखर चालवून पाहतात. बदलानंतर उत्तर ३० आले की तपासणी तिथेच अडते. म्हणून नव्या मुलांना मी सांगतो, वर्णन थोडके लिहा, पण उदाहरण जरूर द्या. आणि बदल का केला, हे एका ओळीत लिहा. ते ‘का’ कुठलेही साधन कोडमधून काढून देणार नाही.

ही साधने मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा स्वतःचा कोडही खुला आहे. दोष दिसला तर सुधारून पाठवता येतो. स्फिंक्समध्ये पुस्तिकेतली वाक्ये अनुवादासाठी वेगळी काढण्याची सोय आहे. प्रोग्रामिंग येत नसले तरी चांगले मराठी येणाऱ्याला तिथे काम आहे.

बंगळुरूत एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये डॉक्युमेंटेशन शिकवणारे आणि त्यावर संशोधन करणारे केंद्र उभारले. त्यांचा विषय ग्रंथालयांचा होता, पण वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांचा आग्रह इथेही तंतोतंत लागू पडतो. आपला कोड उद्या वाचणारा आपल्याला भेटणारही नाही. चार्ज देताना आपण नोंदी पुऱ्या करून जातो, तसेच हे.

आज इतकेच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.