संजाणचा ताजिक आणि मेक्सिकोचा चिकू

रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत मुंबईच्या गाड्या लागतात. भेळ खाऊन झाली, पोरं पाण्यातून बाहेर आली की एखादे काका टपरीवाल्याला हळूच विचारतात, "इथे जागा मिळेल का हो? छोटीशी, पेन्शनीत राहण्यापुरती?"

हेच स्वप्न मेक्सिकोत हजारो अमेरिकन आणि कॅनेडियन पेन्शनरांनी पुरं करून घेतलं आहे. ग्वादलाहारा शहराच्या दक्षिणेला चपाला नावाचं तळं आहे, त्या देशातलं सगळ्यात मोठं. उंची सुमारे १,५०० मीटर, त्यामुळे बारा महिने हवा सुखाची आणि डॉलरही पुरतो. डी. एच. लॉरेन्स १९२३ मध्ये तिथे राहून गेला. काठावरच्या अहीहिक गावात आज इंग्रजीवर दिवस निघतो. परदेशी रहिवाशांनी १९५५ साली 'लेक चपाला सोसायटी' काढली. तिचं वाचनालय आहे, गावातल्या लोकांना इंग्रजी शिकवण्याचे वर्गही ती चालवते. गावकऱ्यांना विचाराल तर ते घरभाड्याचं सांगतील. भाडं डॉलरकडे बघून चढतं आणि मिळकत मात्र पेसोत, मग पोरांनी लग्नानंतर राहायचं कुठे?

त्याच १९५५ साली इकडे चिंचणीत जमिनीतून ताम्रपट निघाले. एकूण पाच दानपत्रं, भाषा संस्कृत. दिनेशचंद्र सरकारांनी ती वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापली. त्यांतलं सर्वांत जुनं शक ८४८ चं, म्हणजे इ. स. ९२६ चं, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातलं. त्यात जो माणूस भेटतो, त्याच्याइतका वजनदार 'परदेशस्थ' या किनाऱ्याने क्वचितच पाहिला असेल.

त्याचं नाव मधुमति. मुहम्मदचं हे संस्कृत रूप. दुसरं नाव सुगतिप, बापाचं नाव सहियारहार, म्हणजे बहुधा शहरियार. जात 'ताजिक', म्हणजे अरब-इराणकडचा मुसलमान. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने याला संयान मंडळाचा, म्हणजे प्रांताचा, कारभार दिला होता. संयान म्हणजे आपलं संजाण. डहाणू रोड सोडलं की घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव आणि मग ते, आता गुजरातेत. मधुमतीने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकले आणि तिथे आपले अधिकारी बसवले. इथवर कुठल्याही सुभेदाराची गोष्ट.

गंमत पुढे आहे. त्याने दोन नद्यांवर फुकट तर (नावेची ने-आण) सुरू केली. खाड्यांच्या या मुलखात तरीला पैसे नाहीत म्हणजे काय, हे ज्याने भरतीची वाट बघत काठावर तास काढलाय त्यालाच कळेल. शिवाय संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे काय वाढत, तेही तांब्यावर कोरलेलं आहे : साळीच्या तांदळाचा भात, कालवण आणि तूप. दानपत्र मुळात आहे एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी, म्हणजे छोट्या मठासाठी. तिला गाव आणि जमीन मिळाली, ती या मधुमतीच्या संमतीने.

सगळं गोडीगुलाबीचंच होतं असं समजू नका. पुढच्या ताम्रपटात त्याच मठिकेचं भिनमाळच्या, म्हणजे राजस्थानकडच्या, व्यापाऱ्यांच्या देवळाशी जमिनीवरून वाजलेलं दिसतं. शेवटी देवळाने मठिकेला दरवर्षी ठरावीक द्रम्म (नाणी) द्यावेत यावर मिटलं. शेजारी शेजाऱ्याशी भांडतो तसंच. मग १०३४ मध्ये शिलाहार राजांचा मांडलिक चामुंडराज मठिकेला तेलघाणा देतो, देवीपुढच्या दिव्यासाठी आणि आलेल्या विद्वानांच्या पायांना लावायच्या तेलासाठी. त्या पत्रात गावच्या मानकऱ्यांची नावं आहेत : अल्लिय, महर, मधुमत. म्हणजे अली आणि मुहम्मद. सोबत 'हंयमन' असा शब्द येतो. अभ्यासक तो पारशांच्या 'अंजुमन'शी, म्हणजे पंचायतीशी, जोडतात. मधुमतीनंतर शंभरेक वर्षांत परक्यांची नावं राजा गावकरी म्हणून घेऊ लागला होता.

यानंतर या किनाऱ्यावर आलेला पाहुणा माणूस नाही, झाड आहे, आणि तेही खुद्द मेक्सिकोचं. चिकू तिकडचा, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. कच्चा तोडला की देठाशी दुधासारखा चीक येतो. तिकडचे लोक झाडाच्या खोडाला चिरा देऊन निघणारा असाच चीक आटवून चघळत आणि च्युइंगगम त्यातूनच निघालं. नावही तिकडचंच, आपल्या 'चीक'शी जुळलं तो योगायोग. घोलवड-डहाणूत त्याच्या बागा वाढवण्यात इराणहून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांचा मोठा हात. २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. मेक्सिकोचं झाड, इराणचा माळी, नाव डहाणूचं.

पण बागेत खपले कोण? वारली आदिवासी. बाहेरून आलेल्यांच्या आणि इथल्या, दोन्ही सावकार-जमीनदारांच्या हाती त्यांची जमीन गेली आणि ते आपल्याच रानात वेठीला लागले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्याने वाचलंय, त्याला चिकूच्या गर्द वाडीत नुसती सावली दिसत नाही. म्हणून 'पाहुणा आला आणि गावाचं भलं झालं' असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मधुमतीने संजाणात भात वाढला. पुढच्या अनेकांनी इथलाच भात नेला.

तेव्हा टपरीवाल्याला विचारणाऱ्या काकांना एक सांगणं. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणूनही जाहीर आहे. दलाल काहीही सांगो, विसार देण्याआधी सातबारा काढा आणि जुने फेरफार वाचा. त्यात आधी कोणाचं नाव होतं ते बघा.