पाणचक्की फिरते कशी?

रहाट आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी पाहिलेला असतो. बैल फिरतो, चाक फिरतं आणि विहिरीतलं पाणी वर येतं. पाणचक्कीत नेमकं उलट घडतं. पाणी खाली येतं आणि चाकाला फिरवतं.

मागच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, खाम नदीकाठची पाणचक्की पाहताना नातीनं मला विचारलं, "आजोबा, पाण्याला एवढा जोर येतो कुठून?"

उत्तर सूर्यापासून सुरू होतं. उन्हानं पाण्याची वाफ होते, पाऊस डोंगरावर पडतो. उंचावर पोचलेलं ते पाणी म्हणजे साठवलेली शक्तीच. एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं की सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा मिळते. दर सेकंदाला १०० लिटर पाणी तीन मीटरवरून पडत असेल, तर हिशेब जवळजवळ तीन किलोवॅटचा होतो. घर्षणात आणि उडणाऱ्या पाण्यात त्यातला काही भाग वाया जातो.

किती वाया जातो, हे चाकाच्या रचनेवर ठरतं. प्रवाहात नुसतं बुडवलेलं चाक पाण्याच्या धक्क्यावर चालतं. वरून पाणी घेणाऱ्या चाकाला खणांत भरलेल्या पाण्याचं वजनच खाली ओढतं. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून १७५९ मध्ये दाखवून दिलं की, दुसऱ्या प्रकारात पहिल्याच्या साधारण दुप्पट काम निघतं.

आपली पाणचक्की या दोन्हींहून वेगळी. तिचं चाक आडवं आहे. दूरच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवलं आहे. तिथून ते खाली येतं आणि त्याचा झोत चाकाच्या पात्यांवर बसतो. चाकाच्या उभ्या दांड्यावरच जात्याचा वरचा दगड बसवलेला, त्यामुळे दात्यांची चाकं लागतच नाहीत. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी इथे पीठ दळलं जाई.

पाणी भिंतीवर चढतं तेही पंपाशिवाय. उगम त्या भिंतीहून उंच असल्यामुळे बंद नळातलं पाणी आपली पातळी गाठायला धावतं. म्हणूनच चक्की जपायची तर नुसतं चाक जपून भागत नाही. वाटेत कुठे पाया खणताना नळ फुटला, तर दाब तिथेच संपतो आणि चाक थांबतं. शहर वाढतंय, घरंही हवीतच. पण जमिनीखालची नहर कुठून जाते हे आखणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.

१९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तिथेही तत्त्व हेच: उंचावरचं पाणी, झोत आणि चाक. फक्त जात्याच्या जागी जनित्र आलं.

१७६३ पर्यंत निजामाची राजधानी औरंगाबादेत होती, म्हणजे आम्हा हैदराबादकरांचं ते जुनं नात्याचं गाव. तिकडे गेलात तर मुलांना पाणचक्की जरूर दाखवा. चाक दाखवून झालं की पाणी कुठून येतं तेही विचारायला सांगा.