पटिंग कुठे बिघडतं आणि कसं सुधारायचं

पार 72 च्या कोर्सचा हिशोब मांडतानाच त्यातले 36 फटके ग्रीनवरचे धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. म्हणजे कागदावर निम्मा खेळ पटरचा. तरीही कुठल्याही क्लबात सकाळी जाऊन पाहा, ड्रायव्हिंग रेंजवर गर्दी आणि पटिंग ग्रीनवर दोन-चार डोकी. ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवायचा तर ताकद लागते, कंबर वळावी लागते, वय आड येतं. पटिंगला यातलं काही लागत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. ड्राइव्हच्या अंतरात ती बहुतेकींच्या मागे होती. चार दिवस तिला शर्यतीत ठेवलं ते तिच्या पटरने.

पटिंगमधल्या सगळ्या चुका सारख्याच महाग नसतात. हौशी खेळाडू काळजी करतो दिशेची आणि फटके घालवतो अंतराच्या अंदाजात. म्हणून दुरुस्ती अंतरापासून सुरू करावी असं माझं मत आहे, जरी बहुतेक जण पकडीपासून सुरू करत असले तरी.

आधी चूक नेमकी कोणती ते पाहा

‘आज पट पडतच नव्हते’ हे काही निदान झालं नाही. स्कोअरकार्डवर एक ओळ रिकामी असतेच. तिथे प्रत्येक होलला पहिला पट किती पावलांचा होता आणि तो कसा चुकला एवढं लिहा: आखूड पडला की पुढे गेला, डावीकडे की उजवीकडे. तीन-चार फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. एखाद्याचे सगळे पट आखूड पडत असतात आणि तो मात्र पटरचा फेस सरळ करण्यात आठवडे घालवत असतो.

अपेक्षाही तपासून घ्याव्यात. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, आणि वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपास. टीव्हीवर आपल्याला पडलेले पटच जास्त दाखवतात, त्यामुळे वाटतं की त्यांचं सगळंच पडतं. तेव्हा आठ फुटांचा पट हुकल्यावर पटर आपटायचं कारण नाही. तीन फुटांचा हुकला तर विचार करायला हवा, आणि तीस फुटांवरून तीन पट लागले तर नक्कीच.

लांबचा पट: तीन पट का लागतात

तीस-चाळीस फुटांवरून दिशा चुकून चेंडू दोन फूट बाजूला गेला असं क्वचित होतं. सात-आठ फूट आखूड किंवा पुढे मात्र सर्रास जातो. म्हणजे तिसरा पट बहुतेक वेळा वेग चुकल्यामुळे लागतो.

याचं सर्वात मोठं कारण म्हणजे पटर खूप मागे नेणं आणि मग ‘जास्त होईल’ या भीतीने चेंडूजवळ येताना त्याला ब्रेक लावणं. असा फटका कधी मेलेला निघतो, कधी मनगटाचा झटका बसून होलच्या पार जातो. उपाय साधा आहे. सरावात पटरच्या मागे, जिथपर्यंतच तो जायला हवा तिथे, एक टी रोवा. मागे जायला जागाच उरली नाही की हात आपोआप पुढे वाहतो. अंतर वाढवायचं ते झोका लांबवून, फटक्याचा जोर वाढवून नव्हे. ताल दहा फुटांना आणि चाळीस फुटांना एकच राहिला पाहिजे.

दुसरं कारण सरावाच्या झोक्यात दडलेलं असतं. बहुतेक जण चेंडूशेजारी उभे राहून, खाली गवताकडे बघत दोन झोके घेतात. त्यातून हाताला काय कळणार? झोके घेताना नजर होलवर ठेवा. लांब उभ्या असलेल्या कुणाच्या हातात चेंडू अलगद टाकताना आपण हाताकडे बघत नाही, समोरच्याकडे बघतो. हाताला अंतर डोळ्यांतून कळतं.

सरावासाठी होलची गरजही नाही. वीस, तीस आणि चाळीस फुटांवर एकेक टी लावा आणि तीन चेंडू क्रम बदलत मारा: आधी चाळीस, मग वीस, मग तीस. एकाच अंतरावरून दहा चेंडू मारले तर तिसऱ्या-चौथ्या चेंडूनंतर हात नुसती नक्कल करतो, अंदाज शिकत नाही. आणखी एक करून पाहा. फटका मारल्यावर मान वर न करता आधी मोठ्याने सांगा, ‘आखूड’, ‘बरोबर’ किंवा ‘पुढे’, आणि मगच बघा. हा खेळ थोडे दिवस खेळलात की हाताला वजन कळायला लागतं.

ग्रीनचा वेग रोज सारखा नसतो हेही लक्षात ठेवायला हवं. तो मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. खाच असलेल्या तिरक्या पट्टीवरून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट घरंगळला ते मोजायचं. ही कल्पना 1935 मध्ये एडवर्ड स्टिम्पसन यांची. आपल्याकडे जुलैत गवत वाढलेलं आणि ओलं असतं, तेव्हा चेंडू रडतखडत जातो. दिवाळीनंतर तोच फटका होलच्या चार फूट पुढे. सवय पावसाळ्याची आणि ग्रीन डिसेंबरचं, असं झालं की पहिल्या तीन-चार होलांवर हमखास मार बसतो.

छोटा पट: फेस कुठे बघतोय

तीन ते सहा फुटांवर गणित उलटतं. इथे वेगापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः चेंडूला लागताना पटरचा फेस कुठे बघत होता यावर ठरतं. पटरचा मार्ग थोडा आतून-बाहेर झाला तरी त्याचा परिणाम त्या मानाने कमी.

आकडे मांडून बघू. होलचा व्यास 4.25 इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन इंचांहून थोडं कमी. फेस फक्त एक अंशाने उघडा राहिला तर दहा फुटांवर चेंडू मध्यापासून सुमारे 2.1 इंच सरकतो. म्हणजे बरोबर कडेवर. दोन अंश चुकले तर चेंडू होलला शिवतही नाही. एक अंश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासायला साधन लागतं.

ते साधन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: एक मीटरची स्टीलची पट्टी. घरात फरशीवर किंवा पातळ सतरंजीवर ती सपाट ठेवा, एका टोकाला चेंडू ठेवा आणि पट्टीवरून दुसऱ्या टोकापर्यंत पट करा. फेस जरा तिरका असला की चेंडू मध्येच पट्टीवरून खाली घसरतो. उजव्या बाजूने घसरला तर (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा) फेस उघडा, डाव्या बाजूने घसरला तर बंद. सुरुवातीला हे चिडवणारं वाटतं. नंतर दहातले आठ चेंडू टोकापर्यंत जायला लागले की कोर्सवर पाच फुटांचा पट समोर आल्यावर पोटात गोळा येत नाही.

ग्रीनवर याचंच दुसरं रूप म्हणजे टींचं फाटक. पटर जेमतेम जाईल एवढं अंतर ठेवून चेंडूच्या दोन्ही बाजूंना दोन टी रोवायच्या आणि त्यांना न शिवता पट करायचा. टायगर वूड्स वर्षानुवर्षं फेरीआधी हेच करत आला आहे. पटरच्या टोकाने किंवा टाचेने चेंडू मारणाऱ्यांची चूक इथे लगेच पकडली जाते, कारण टीवर आपटल्याचा आवाजच येतो.

उभं राहण्यातली एक गडबड वारंवार दिसते: डोळे चेंडूच्या पलीकडे गेलेले. नाकाच्या शेंड्याच्या वर, दोन डोळ्यांच्या मधून एक चेंडू सोडून बघा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित तुमच्या बाजूला पडला तर ठीक. पलीकडे पडला तर रेषाच तिरकी दिसत असणार, आणि मग हात ती सरळ करायला बघणार.

मान उचलण्याबद्दल एकच सांगतो. छोटा पट पडला का ते कानांनी ऐका, डोळ्यांनी बघू नका. घाईचे बळी मोठमोठे झाले आहेत. 1970 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या होलवर डग सँडर्सला जिंकायला तीनेक फुटांचा पट हवा होता. पवित्रा घेतल्यावर त्याला रेषेवर काहीतरी दिसलं. पायांची जागा तशीच ठेवून तो वाकला, ते उचलायला गेला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात न करता तसाच मारला. पट उजवीकडून गेला. दुसऱ्या दिवशीच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निकलस जिंकला. लक्ष विचलित झालं तर बाजूला व्हा, पहिल्यापासून सुरू करा. मागचे खेळाडू दहा सेकंद थांबतील.

उतार आणि गवताचा कल

तिरका पट चुकला की तो बहुतेक वेळा होलच्या खालच्या बाजूने जातो. आपण उतार कमी धरतो म्हणून. खालून गेलेला चेंडू होलपासून लांबच जात राहतो. वरून येणाऱ्याला निदान वळून आत शिरायची संधी असते. त्यामुळे महिनाभर ठरवून टाका की चुकायचंच असेल तर वरून चुकेन.

उतार आणि वेग वेगळे काढता येत नाहीत. हळू चेंडू जास्त वळतो, जोरातला कमी. पण कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी जशी पॉकेटच्या कडेला लागून परत येते, तसा जोराचा चेंडूही होलची कड चाटून बाहेर पडतो. शॉर्ट गेमचे अमेरिकी अभ्यासक डेव्ह पेल्झ यांनी सुचवलेला वेग असा: होल हुकला तर चेंडू 17 इंच पुढे थांबावा. हौशी खेळाडूने साधारण एक फूट धरलं तरी चालेल. आणि शेवटच्या दोन-तीन पावलांतला उतार सर्वात बारकाईने बघा, कारण तिथे चेंडू मंदावलेला असतो आणि जमीन त्याला ओढते.

पुणे-मुंबईच्या हवेत ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते: गवताचा कल. चेंडूमागे उभं राहून होलकडे बघा. गवत चमकत असेल तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, चेंडू जलद जाईल. गडद दिसलं तर पाती तुमच्या अंगावर येतायत, थोडं जास्त लागेल. मग होलपाशी जाऊन कड बघा. एक बाजू सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते आणि समोरची फाटकी, तपकिरी. कल त्या फाटक्या बाजूकडे असतो.

आपल्याकडे कॅडीला ओळ विचारायची पद्धत आहे, आणि रोज तीच ग्रीन्स तुडवणाऱ्या माणसाचं ऐकण्यात शहाणपणच आहे. पण आधी स्वतःचा अंदाज बांधा, मग विचारा, नाहीतर वाचायला कधीच शिकणार नाही. शिवाय 2019 च्या नियमांपासून तुम्ही पवित्रा घ्यायला लागल्यावर कॅडीला चेंडूच्या मागे ओळीत उभं राहता येत नाही.

हात झटका देतो तेव्हा

दोन फुटांवरून हात अचानक आचका देतो, आणि तो कुठून आला हे मारणाऱ्यालाही कळत नाही. याला यिप्स म्हणतात. काहींच्या बाबतीत ती निव्वळ धास्ती असते, तर काहींच्या बाबतीत मज्जासंस्थेशी संबंधित कारण सापडतं. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. उपयोग होतो तो हाताला अनोळखी काम देण्याचा. डावा हात खाली घ्या, किंवा उजव्या हाताने पटर पंजासारखा धरा, किंवा चेंडूऐवजी होलकडे बघून मारा. जॉर्डन स्पीथ छोटे पट असे होलकडे बघून मारत असे. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला यिप्सने अनेकदा गाठलं, एका काळात तो डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग आणि पटरचा दांडा उजव्या हाताने एकत्र धरून पट करत असे. त्याने 1985 आणि 1993 मध्ये मास्टर्स जिंकली.

नवा पटर?

बहुतेकदा नको. आहे त्या पटरची लांबी आणि जमिनीशी कोन जाणकाराकडून तपासून घ्या. पाच फूट चार इंचांच्या माणसाच्या हातात 35 इंची पटर आणि डोळे भलतीकडे, हे नेहमीचं दृश्य आहे. लांब पटर नियमात बसतो, पण 1 जानेवारी 2016 पासून तो अंगाला टेकवून झोका घेता येत नाही.

फेरीआधीची पंधरा मिनिटं

पहिल्या टीआधी वेळ कमी असेल तर रेंज सोडा आणि पटिंग ग्रीनवर जा. त्यातली दहा मिनिटं लांबच्या पटांना द्या, होल न धरता, फक्त आजच्या ग्रीनचा वेग हाताला कळावा म्हणून. उरलेल्या पाचात तीन फुटांवरून होलच्या चारी बाजूंनी मारा. शेवटचे तीन-चार पट एका फुटावरून घाला, चेंडू पडल्याचा आवाज ऐका आणि तिथेच थांबा. निघताना ‘एक शेवटचा’ म्हणून वीस फुटांचा मारू नका.